चाकांवरचे घर

घर म्हटले म्हणजे पाया, भिंती आणि छप्पर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. घर एका जागी स्थिर असते. माणसे सकाळी बाहेर पडतात आणि सायंकाळी त्याच्याकडे परत येतात. परंतु माणसाबरोबर घरानेही प्रवासाला निघावे, ही कल्पनाही फार जुनी आहे. अलीकडे मोटारीच्या मागे जोडून नेण्याची दोन चाकांची लहान घरे निघाली आहेत. त्यांत निजण्याची फळी, स्वयंपाकाची शेगडी आणि पाण्याची टाकी एवढे सारे सामावलेले असते. अशा प्रवासाला उत्तेजन मिळावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले.

‘कॅराव्हॅन’ हा शब्द मूळ फारसीतला. कारवान म्हणजे वाटसरूंचा तांडा. असे तांडे आपल्या खानदेशाने शतकानुशतके पाहिले आहेत. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा या गावांवरून जात असे. यांपैकी थाळनेर आज धुळे जिल्ह्यात आणि चोपडा जळगाव जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकात तावेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने या मार्गाने प्रवास केला. सुरतेहून आग्र्याला बैलांच्या गाडीने पस्तीस-चाळीस दिवस लागतात आणि गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया पडते, असे त्याने लिहून ठेवले आहे. धान्य वाहणाऱ्या बैलांचे तांडे एवढे मोठे असत, की अरुंद रस्त्यावर ते पुढे निघून जाईपर्यंत इतरांना दोन-दोन दिवस खोळंबून राहावे लागे! पुढे इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने केवळ हौसेच्या प्रवासासाठी दोन घोड्यांचे एक घर बांधून घेतले. अशा घरांना तिकडे कॅराव्हॅन हेच नाव पडले.

आपल्याकडे शेतकरी कुटुंबाचे असे चालते घर म्हणजे दमणी. दमणी ही माणसांच्या प्रवासाची हलकी बैलगाडी होय. शेतमाल वाहणाऱ्या गाडीपेक्षा ती लहान असते. तिच्यावर बांबूच्या कांबी वाकवून कमानी उभ्या करतात आणि त्यांवर तट्ट्या किंवा ताडपत्री बांधतात. आत कडब्याचा किंवा गवताचा जाड थर, त्यावर गोधडी. गवत बैलांच्या वैरणीला उपयोगी पडतेच. शिवाय खडबडीत रस्त्याचे हादरेही तेच सोसते. गाडीखाली बादली आणि रात्री पेटता कंदील टांगलेला असतो.

१९७१ साली मी सहावीत असताना आमच्या घरी नवी दमणी आली. आमचे गाव जळगावच्या पश्चिमेस गिरणा नदीपलीकडे होते. दमणी सुताराच्या दारात तयार होत असता तिच्या चाकावर धाव चढविण्याचा सोहळा मी पाहिला. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली असते. ती चाकावर बसणार कशी, हे कोडे मला पडले. सुताराने तिच्यावर गोवऱ्या रचून त्या पेटविल्या. धाव लालबुंद झाली, तेव्हा तिघांनी ती सांडशींनी उचलली आणि लाकडी चाकावर अलगद बसविली. लगेच घागरीमागून घागरी पाणी ओतण्यात आले. उष्णतेने लोखंड प्रसरण पावते आणि थंड होताच आकुंचन पावते. पंधरा फूट घेराची धाव तापून लाल झाली म्हणजे तिचा घेर एक इंचाहून अधिक वाढतो. निवताना ती आवळली गेली, की आरे तुंब्यात घट्ट बसतात आणि सारे चाक एकजीव होते. खिळा नको, की सरस नको!

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेला नव्या दमणीतून जाण्याचे ठरले. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. जवळच कोथळी आणि मेहूण ही संत मुक्ताबाईंच्या स्मृतीने पावन झालेली स्थाने आहेत. आज ज्याला आपण मुक्ताईनगर म्हणतो, त्या गावाला तेव्हा एदलाबाद म्हणत. आमच्या गावाहून ते साठ-सत्तर किलोमीटर दूर. बैलगाडी तासाला चार किलोमीटर चालते; तेव्हा दोन-तीन मुक्काम वाटेत होणार हे उघड होते. आबा म्हणजे माझे आजोबा, आजी, माझी धाकटी बहीण आणि मी असे चौघे निघालो. जुवाला नंद्या आणि पवळ्या ही बैलांची जोडी होती.

निघण्यापूर्वी आबांनी सारे सामान स्वतः रचले. बैल जुंपण्याआधी त्यांनी एका हाताने जू उचलून पाहिले, सोडून दिले, आणि ढेपेचे पोते वीतभर पुढे ओढले. पुन्हा उचलून पाहिले. मला या खटाटोपाचे हसू आले. वाटेतही दर तासाला ते गाडी थांबवीत आणि दोन्ही तुंब्यांना हात लावून पाहत. “नव्या गाडीचे सांधे एकमेकांच्या ओळखीचे नसतात. फार घासले तर तुंबा तापतो,” असे ते म्हणत, आणि गरज वाटली तर आखाला वंगण देत.

पहिला मुक्काम नशिराबादजवळ झाला. बैल गाडीच्या चाकांना बांधले होते. आजीने तीन दगडांची चूल मांडली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत वाढले. रात्री गोधडीवर पडल्या पडल्या तट्ट्याच्या फटीतून चांदण्या दिसत होत्या. घरही आपलेच आणि आकाशही आपलेच, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साकेगावजवळ वाघूर नदीच्या पात्रात आम्ही विसावा घेतला. बैलांना पाणी पाजले. मला गाडीत पाय पसरून निजायचे होते. पुढच्या बाजूस ढेपेचे पोते आणि पाण्याने भरलेली घागर अडचण करीत होती. कोणी पाहत नाही असे बघून मी दोन्ही वस्तू मागच्या टोकाशी नेऊन ठेवल्या आणि ऐसपैस झोपलो.

ऊन कलल्यावर गाडी नदीच्या दरडीवरून वर चढू लागली. आबा बैलांच्या बाजूने पायी चालत होते. चढ निम्मा झाला असेल नसेल, तोच पोते सरकल्याचा आवाज आला. गाडीचे मागचे टोक खाली बसले आणि जू आभाळाकडे उचलले गेले. गाडी उलाळ झाली! जुवाबरोबर पवळ्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. गळ्याखालचे जोते आवळून त्याची जीभ बाहेर आली. आबांनी दांडीला लोंबकळून आपला सारा भार तिच्यावर टाकला. आजी बहिणीला कवटाळून पुढे सरकली आणि माझ्यावर ओरडली, “उतर खाली! चाकाला दगड लाव!”

मी कसाबसा उतरलो. हात थरथरत होते. चाकामागे दगड सारला, तेव्हा गाडीचे मागे येणे थांबले. आबांनी एका हाताने जोत्याची गाठ सोडली. पवळ्या गुडघ्यांवर कोसळला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. डोळे पांढरे झाले होते. आबा त्याच्या गळ्यावरून हात फिरवीत बराच वेळ बसून राहिले. कोणी काही बोलले नाही. अखेर पवळ्याने एक दीर्घ श्वास सोडला आणि तो धडपडत उभा राहिला.

“आबा, पोते मी मागे ठेवले होते,” मी म्हणालो.

आबांनी मला मारले नाही, की रागावलेही नाहीत. त्यांनी सारे सामान खाली उतरविले, गाडी सपाट जागी आणली आणि म्हणाले, “आता तू रच. गाडीत ठेवलेली प्रत्येक वस्तू बैलाच्या मानेला कळते. तिला विचारून जागा ठरव.”

त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. सांज होईपर्यंत मी सामान रचीत होतो आणि आबा गणित समजावीत होते. ते गणित असे आहे : दोन चाकांची गाडी म्हणजे तराजूची दांडीच होय. आख हा तिचा मध्य. भार फार पुढे आला तर तो जुवावरून बैलांच्या मानेवर पडतो आणि त्यांचे खांदे सुजतात. भार मागे गेला तर जू वर उचलले जाते आणि जोते गळ्याला फास लावते. म्हणून जड वस्तू आखाच्या जवळ, अगदी तळाशी ठेवाव्यात आणि पुढची बाजू किंचितच जड राखावी. जू एका हाताने उचलले जावे, पण सोडताच खाली बसावे, ही त्याची खूण. चढावर गाडी मागे कलते आणि उंच रचलेला भार आखाच्या मागे जातो. तेव्हा सामान खाली रचलेले आणि दोरीने जखडलेले असले पाहिजे. मोटारीमागच्या छोट्या घरालाही हाच नियम लागू आहे. त्याचा मागचा भाग जड झाला तर ते वेगात डोलू लागते आणि मोटारीलाही रस्त्याबाहेर खेचते. नव्या घराच्या पहिल्या प्रवासात थोडे अंतर गेल्यावर चाकांच्या चाक्या पुन्हा आवळून पाहाव्या लागतात. आबा तुंब्याला हात लावीत, त्याचाच हा नवा अवतार.

उरलेली वाट मी पवळ्याच्या शेजारून पायीच चाललो. यात्रेत एका गाडीलोहार कुटुंबाची गाडी आमच्या शेजारी उतरली होती. ऐरण, भाता, भांडी, पांघरुणे, कोंबड्यांचा खुराडा असा सारा संसार त्या एका गाडीत होता, आणि ऐरण बरोबर आखावर ठेवलेली होती. तेथील बाईंना मी विचारले, “तुमचे घर कोठे आहे?” त्यांनी गाडीच्या फळीवर हात थोपटला आणि हसून म्हणाल्या, “हेच की!” आम्ही चार दिवसांच्या हौसेसाठी चाकांवर राहिलो होतो. त्यांना मात्र दुसरे घरच नव्हते. चाळीसगावकडील ऊसतोड मजूरही दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपले बिऱ्हाड गाडीत भरून कारखान्यांकडे निघतात. एकाच गाडीत एकाचा आनंद असतो आणि दुसऱ्याची भाकरी असते, हे मला त्या यात्रेत उमगले.

परतीच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाहून निघताना आबा बाजूला उभे राहत. सामान मी रचीत असे. बैल जुंपण्याआधी मी जू एका हाताने उचलून पाहत असे आणि मगच पवळ्याला हाक मारीत असे.