शेततळ्यांतील माशांचा जंतुरोग

समुद्रांतील मासे मोकळे असोत वा पिंजऱ्यांत पाळलेले असोत, त्यांना व्हिब्रिओ नांवाच्या सूक्ष्म जंतूंपासून रोग जडतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांना समुद्र नाहीं. परंतु गोड्या पाण्यांत तसेंच काम एरोमोनास हा जंतु करतो. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना निघाली; तळीं वाढलीं, व कित्येक बागाईतदारांनीं त्यांत कटला, रोहू व मृगळ सोडले. म्हणून या रोगाचा विचार वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

रोगाचीं लक्षणें अशीं: अंगावर तांबडे ठिपके पडतात, पर झडतात, पोट पाण्यानें फुगतें, खवले उभे राहतात व मासा काठाशीं सुस्त पडून राहतो. रोग बाहेरून आला, असें आपण म्हणतों. बहुधा तसें नसतें. हा जंतु पाण्यांत, चिखलांत व धडधाकट माशाच्या आंतड्यांतहि असतोच. माशाची शक्ति खचली म्हणजे तो बळावतो. पेर दाट झाली म्हणजे पीक रोगास बळी पडतें, तशांतलाच हा प्रकार होय.

चैत्र-वैशाखांत तळ्याचें पाणी उतरतें. मासे मात्र तितकेच, किंबहुना वजनानें वाढलेले असतात. विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून अमोनिया वाढतो. पहांटे पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. त्या वेळीं मासे वर येऊन तोंड वासूं लागले, तर ती पूर्वसूचना समजावी. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं तळ्यांत ताजें पाणी कोण सोडणार? म्हणून खरा उपाय बीज सोडण्याच्या दिवशींच करावयाचा असतो. पावसाळ्यांतील भरल्या तळ्याकडे न पाहतां वैशाखांतील पाणी मनांत धरून बोटुकल्यांची संख्या ठरवावी, आणि पाणी उतरूं लागतांच मोठे मासे विकावे.

रोग दिसल्यास खाद्य बंद करावें. मेलेले मासे रोज काढून चुना घालून दूर पुरावे. ओढ्यांत टाकूं नयेत, कारण तो ओढा पुढें मांजरेस वा गोदावरीस मिळतो, व तेथील माशांवर भोई बांधवांचें पोट आहे. जाळीं उन्हांत कडक वाळवावीं. तळ्यांत चुना टाकण्यापूर्वीं पाण्याची परीक्षा करावी. काळ्या जमिनीच्या भागांतील पाणी पुष्कळदा आधींच अल्कधर्मी असतें, आणि तो गुण वाढला कीं अमोनिया अधिक विषारी होतो.

जंतुनाशक औषधें अंदाजानें ओतूं नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांस मत्स्यपालनांत बंदी आहे. इतर औषधांसहि जंतु सरावतात. शिवाय प्रत्येक तांबडी जखम जंतूचीच असते असें नाहीं. १९८८ सालीं ईशान्य भारतांत दिसलेल्या व्रणरोगाचें मूळ बुरशी आहे, व तिच्यावर हीं औषधें चालत नाहींत. म्हणून आधीं निदान, मग औषध. लातूर जिल्ह्यांतच उदगीर येथें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तेथें विचारावें. नमुना म्हणून आजारी पण जिवंत मासा व तळ्याचें पाणी न्यावें. मेलेल्या माशांत नाना जंतु माजतात व मूळ कारण ओळखूं येत नाहीं.

ऊस लावण्यापूर्वीं विहिरीचें पाणी पाहणें जसें शहाणपणाचें, तसेंच बीज सोडण्यापूर्वीं उन्हाळ्याचें पाणी पाहणें, इतकेंच आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.