लांबचा पल्ला आणि सायकलची सीट

लांबच्या सायकलप्रवासात आधी काय थकते, असे विचारले तर बहुतेक जण ‘पाय’ असे उत्तर देतील. नारायणगुड्याहून निघून झहीराबादपर्यंत, म्हणजे शंभरएक किलोमीटर, सायकल मारलेला मनुष्य मात्र तसे म्हणणार नाही. पाय तयार असतात. बूड तयार नसते. (शब्द मासिकाला शोभत नाही खरा, पण दुसरा तितका नेमका सापडत नाही.) नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. एवढे तास बसायचे कसे, हा प्रश्न तेथे पायांच्या बळाइतकाच मोठा असतो.

आपण काय करतो? जेलचे जाड कव्हर आणून सीटवर चढवतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हे केले आणि महिन्याभरात लांबचे फिरणे सोडून दिले.

बसताना आपला भार कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर पडतो. लाकडी पाटावर ताठ बसून हात खाली सरकवला, तर ती बोटांना लागतात. भार पेलावा तो त्यांनीच. त्यांच्या मधल्या भागात नाजूक नसा व रक्तवाहिन्या आहेत. सीट फार मऊ असली की हाडे रुततात, मधला भाग वर फुगतो आणि नेमका नसांना दाबतो. आधी मुंग्या येतात, मग बधिरता. ही बधिरता अंगवळणी पाडून घेण्याची गोष्ट नव्हे. सीट बदलूनही ती राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. चिक्कडपल्लीपर्यंत जाऊन येणाऱ्याला मऊ सीट सुखाची वाटते, चार तास बसणाऱ्याला तीच छळते.

तेव्हा पाहायची ती रुंदी. या हाडांमधील अंतर प्रत्येकाचे वेगळे, स्त्रियांचे सामान्यतः थोडे अधिक. कठीण स्टुलावर खोक्याचा नळीदार पुठ्ठा ठेवून, पाय किंचित उचलून बसावे. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतरापेक्षा सीट दोनएक सेंटिमीटर रुंद हवी; ताठ बसणाऱ्याला आणखी थोडी.

जुन्या काळ्या सायकलींची कातडी सीट मला अजून आवडते. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये अशा सीटचे पेटंट घेतले. जाड चामडे पुढच्या-मागच्या लोखंडी आधारांवर झोळीसारखे ताणलेले असते. नवेपणी दगड, काहीशे किलोमीटरनंतर मालकाच्या हाडांचे खळगे तिच्यात पडतात. म्हणून ती उसनी देऊ नये. पावसात तिच्यावर प्लास्टिकची पिशवी हवीच.

सीट कोणतीही असो, ती पातळीत असावी. टोक वर असले तर नसा दाबतात, खाली असले तर अंग पुढे घसरून भार मनगटांवर येतो. टाच खालच्या पॅडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा, इतकी उंची पुरे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पॅडलवर उभे राहावे. सदाशिवपेठेला चहाला थांबलात, तर तो उभ्यानेच प्यावा.