बाविसाव्या दिवसाचं काय?

दिवा-रोहा गाडीने नागोठणं सोडलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी खिशातून चुन्याची डबी काढली. तळव्यावर तंबाखू घेऊन अंगठ्याने मळता मळता नजरानजर झाली आणि ते ओशाळले. ओळखीचेच होते, धाटावच्या एमआयडीसीत कामाला. म्हणाले, "सर, एकवीस दिवस हात लावला नव्हता. बाविसाव्या दिवशी रात्रपाळी सुटली, टपरीवर चहा घेतला आणि दोस्ताने पुडी पुढे केली. जाऊ द्या, आपल्यातच दम नाही."

'आपल्यातच दम नाही' हे मी पेणमध्ये ऐकतो, रोह्यात ऐकतो, आणि दर वेळी संताप येतो. या माणसांचा नव्हे, त्यांच्या हाती कुणीतरी दिलेल्या आकड्याचा.

गैरसमज : एकवीस दिवस नेटाने काढले की माणूस बदलतो.

वस्तुस्थिती : हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. १९६० साली त्यांनी 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात आपलं एक निरीक्षण मांडलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं ते निरीक्षण होतं. पुढे भाषणं देणाऱ्यांनी त्यातलं 'किमान' गाळलं, 'चेहरा' गाळला आणि उरलेला आकडा प्रत्येक सवयीला लावला. आपल्याकडे तो पटकन रुजला, कारण एकवीस मोदक आणि एकवीस दुर्वा आपल्या ओळखीच्या. वर्षभर गणपती घडवणाऱ्या पेणमध्ये तर हा आकडा परका वाटणं शक्यच नाही. पण पूजेतली संख्या पूजेत शोभते. मेंदू तिच्या हिशेबाने चालत नाही.

मग खरे दिवस किती? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. कुणी जेवताना पाणी पिण्याचं ठरवलं, कुणी व्यायामाचं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला. पण माणसामाणसात फरक केवढा? कुणाला १८ दिवस, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. पाण्याची सवय लवकर लागली, व्यायामाला वेळ लागला. म्हणून एकवीस काढून तिथे ६६ बसवू नका, नाहीतर सदुसष्टाव्या दिवशी तीच रडारड. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही.

हा अभ्यास नवी सवय लावण्याचा होता. तंबाखू सोडणं त्याहून अवघड, कारण तिथे निकोटीनचं व्यसन असतं. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड आणि तलफ सर्वांत जास्त असते, पुढच्या दोन-चार आठवड्यांत ती ओसरते. म्हणजे आमच्या गृहस्थांनी सगळ्यात कठीण चढण चढून पार केली होती! राहिली होती ती टपरी. पाळी सुटली की चहा, चहा झाला की चिमूट, ही साखळी इतक्या वर्षांची की शरीर निवळलं तरी चहाचा वास तलफ जागी करतो. त्यात 'एकवीस झाले, जिंकलो' म्हणून त्यांनी पहारा उठवला. दम भरपूर होता, पण पुढची तयारी त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. तंबाखू सोडायला सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे. तिथे फोन करण्यात कसलाही कमीपणा नाही.

गैरसमज : विनोबांनी प्रमाणपत्रं जाळली आणि एका क्षणात ते बदलले.

वस्तुस्थिती : पेण तालुक्यातलं गागोदे हे त्यांचं जन्मगाव, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात. प्रमाणपत्रं त्यांनी चुलीत घातली हे खरं. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनायक भावे सुरतेला उतरून काशीला गेले, हेही खरं. पण त्याआधी लहानपणापासूनचा ब्रह्मचर्याचा संकल्प होता आणि नंतर आश्रमातली वर्षानुवर्षांची सूतकताई, सफाई, अध्ययन. चूल एकदाच पेटली, सूत मात्र रोज काततच राहिले.

आणखी काही :

*वय झालं, आता काय बदलणार?* पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ ला भूदान सुरू झालं तेव्हा विनोबा ५५ वर्षांचे होते.

*मुहूर्त पाहणं म्हणजे वेडेपणा.* तसं नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या सुरुवातीला लोक जिमकडे जास्त वळतात, हे २०१४ च्या एका अमेरिकी संशोधनात दिसलं आहे. पाडव्याला जरूर सुरुवात करा, फक्त पुढचा पाडवा येईपर्यंत थांबू नका.

*खरा निश्चय असेल तर एकट्याने जमतं.* नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली सुरू केलेली श्रीसमर्थ बैठक आजही दर आठवड्याला भरते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण दर आठवड्याला चार माणसं आपली वाट पाहतात, हा आधार मोठा असतो.

*दारू सोडायची तर एका झटक्यात.* वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा.

*एकदा घसरलं की सगळं वाया.* शाडूच्या मूर्तीला वाळताना तडा गेला, तर पेणचा कारागीर मूर्ती टाकून देत नाही. ओल्या मातीने तडा बुजवतो आणि पुन्हा सावलीत ठेवतो.

यातलं जमेल तेवढं मी त्या गृहस्थांना गाडीत सांगितलं. रोहा आलं. उतरताना दारापाशी ते थांबले आणि म्हणाले, "सर, पाळी सुटल्यावरचा चहा टपरीवर न घेता घरी जाऊन घेतला तर?"

मी म्हटलं, "तिथूनच सुरू करा. आणि दिवस मोजू नका."