इंधन भरल्यानंतरचा आरंभदोष

एरव्ही सहज सुरू होणारे मोटारगाडीचे एंजिन टाकीत इंधन भरल्यानंतर लगेच सुरू न होणे, आरंभक (स्टार्टर) बराच वेळ फिरवावा लागणे किंवा सुरू होऊन पुन्हा बंद पडणे, या दोषास इंधन भरल्यानंतरचा आरंभदोष असे म्हणता येईल. हे एखाद्या विशिष्ट बिघाडाचे नाव नसून अनेक बिघाडांचे समान लक्षण आहे. इंधन भरताना तीन गोष्टी एकाच वेळी घडतात : टाकीतील बाष्प हलते, टाकीत नवे इंधन येते आणि तापलेले एंजिन काही मिनिटे थांबते. दोष या तिहींपैकी कोणत्या गोष्टीशी निगडित आहे, हे ठरविणे म्हणजेच त्याचे निदान होय. हे न ठरविता विद्युत् घटमाला, ठिणगी-गुडदी (स्पार्क प्लग) व इंधन-पंप एकामागून एक बदलत गेल्यास खर्च होतो. पण दोष बहुधा तसाच राहतो.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या दोषाला विशेष महत्त्व येते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. आलापल्लीहून भामरागड सु. ६५ किमी., तर सिरोंचा सु. १०० किमी. दूर आहे. अशा मार्गांवर दुरुस्तीची सोय विरळ असल्याने पुढच्या प्रवासाच्या भरवशावर टाकी जेथे मिळेल तेथे भरून घेण्याची प्रवाशांची रीत आहे. रुग्णाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारी गाडी इंधन भरून अडून बसली, तर अर्ध्या तासाचा विलंबही जिवावर बेतू शकतो. येथील हवामानही या दोषाला पोषक आहे. मे महिन्यात चंद्रपूरचे कमाल तापमान ४५° से. च्या पुढे जाते, तर पावसाळ्यात दीर्घकाळ दमट हवा असते आणि नद्या-नाल्यांना पूर येतात. उष्णतेमुळे बाष्पाचे व ओलाव्यामुळे इंधनातील पाण्याचे प्रश्न उद्‌भवतात.

एंजिन सुरू होण्याच्या अटी : पेट्रोल-एंजिन सुरू होण्यासाठी पुरेसा वेग, योग्य वेळी पडणारी ठिणगी, पुरेसे संपीडन व योग्य प्रमाणातील इंधन-हवा मिश्रण या चार गोष्टी लागतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. इंधन भरण्याचा परिणाम प्रामुख्याने चौथ्या गोष्टीवर होतो. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४.७ पट हवा लागते. हवेत पेट्रोलच्या बाष्पाचे प्रमाण आकारमानाने सु. १.४% ते ७.६% या मर्यादांच्या आत असेल तरच मिश्रण पेट घेते. मिश्रणात इंधन कमी पडले तर ते विरल व जास्त झाले तर ते समृद्ध होते. दोन्ही टोकांना ठिणगी पडूनही ज्वलन होत नाही. म्हणून एंजिन का पेटत नाही, याचे उत्तर शोधण्यापूर्वी मिश्रण विरल आहे की समृद्ध हे ठरवावे लागते.

बाष्पामुळे होणारा दोष : टाकीत द्रव पेट्रोल शिरू लागले की आधीचे बाष्प बाहेर ढकलले जाते. त्याचा काही भाग टाकीच्या तोंडातून निसटतो व काही भाग सक्रियित कार्बन भरलेल्या एका डब्यात जातो. या डब्यास बाष्पसंग्राहक (कॅनिस्टर) म्हणतात. कार्बनाच्या कणांवर बाष्प अधिशोषित होते म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवले जाते. पुढे एंजिन चालू असताना नियंत्रक एकक योग्य वेळी एक विद्युत् चुंबकीय झडप उघडते. तिच्यातून एंजिनाच्या ओढीने ताजी हवा डब्यातून जाते व साठलेले बाष्प आदान नलिकेत नेऊन जाळले जाते. या झडपेस शोधन झडप (पर्ज व्हॉल्व्ह) म्हणतात. विद्युत् पुरवठा नसताना ही झडप बंद असली पाहिजे.

कार्बनाची भुकटी, धूळ किंवा झीज यांमुळे ही झडप उघडी अडकली, तर एरव्ही चालकाला फारसे काही जाणवत नाही, कारण डब्यात बाष्प थोडेच असते. इंधन भरताच मात्र डबा बाष्पाने भरतो आणि आरंभक फिरविल्याबरोबर ते बाष्प अनियंत्रितपणे सिलिंडरात ओढले जाते. त्यात अंतःक्षेपकाने (इंजेक्टरने) फवारलेल्या पेट्रोलाची भर पडून मिश्रण अतिसमृद्ध होते. दोष केवळ इंधन भरल्यावरच दिसतो, पेट्रोलचा वास येतो, ॲक्सिलरेटर दाबून अधिक हवा आत घेतल्यास एंजिन अडखळत पेटते आणि थोड्याच वेळात सुरळीत चालू लागते, ही या प्रकाराची ठळक खूण होय.

टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीमुळे हा दोष वाढतो. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही आणखी पेट्रोल ओतल्यास द्रव पेट्रोल बाष्पसंग्राहकापर्यंत पोचू शकते व त्यातील कार्बन निकामी होतो. शिवाय जमिनीखालील टाकीतून आलेले तुलनेने थंड पेट्रोल उन्हात प्रसरण पावते. ३५ लिटर पेट्रोलाचे तापमान १५° से. ने वाढल्यास त्याचे आकारमान सु. अर्ध्या लिटराने वाढते. या वाढीसाठीच टाकीत रिकामी जागा ठेवलेली असते.

उष्णतेमुळे होणारा दोष : पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक सु. ३५° ते ४०° से. तापमानासच उकळू लागतात. चालत्या गाडीत वाऱ्याने व वाहत्या इंधनाने नळ्या थंड राहतात. गाडी थांबताच एंजिनातील उष्णता सभोवार पसरते व एंजिनाच्या आवरणाखालील तापमान काही वेळ वाढतच जाते. त्यामुळे नळीत बाष्पाचे बुडबुडे होऊन इंधनाचा प्रवाह खुंटतो. यास बाष्परोध म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी इ. गाड्यांत एंजिनावर बसविलेला पंप इंधन ओढून घेत असल्याने हा दोष नेहमी आढळे. पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबणे हा त्यावरील चालकांचा परिचित उपाय होता. आधुनिक गाड्यांत पंप टाकीच्या आत असून तो इंधन दाबाने पुढे ढकलतो. त्यामुळे बाष्परोध कमी झाला आहे. तथापि पंपातील एकमार्गी झडप गळत असल्यास एंजिन बंद होताच नळीतील दाब उतरतो आणि उष्णतेने तेथे बाष्प तयार होते. या प्रकारात मिश्रण विरल असते. किल्ली फिरवून दोन-तीन सेकंद थांबणे, असे दोन-तीनदा केल्यास पंप दाब पुन्हा निर्माण करतो व एंजिन सुरू होते. हा दोष वस्तुतः इंधन भरल्याचा नसून थांबल्याचा असतो. परंतु थांबणे आणि भरणे एकत्र घडत असल्याने दोष पंपावरच्या पेट्रोलाला दिला जातो.

इंधनाच्या गुणवत्तेमुळे होणारा दोष : पाणी, गाळ अथवा चुकीचे इंधन टाकीत गेल्यास होणारा दोष सामान्यतः लगेच दिसत नाही. नळ्या व गाळणी यांत पूर्वीचे चांगले इंधन शिल्लक असते. त्यावर एंजिन सुरू होते, काही अंतर जाते, मग धक्के देऊन बंद पडते आणि पुन्हा पेटत नाही. दोष आपोआप निवळतही नाही. हा कालभेद निदानात फार उपयोगी पडतो.

भारतात २०२२ मध्ये पेट्रोलात एथिल अल्कोहॉलाच्या (एथॅनॉलाच्या) मिश्रणाचे प्रमाण १०% पर्यंत पोचले, २०२३ मध्ये २०% मिश्रणाच्या विक्रीस आरंभ झाला व पुढे त्याचा देशभर प्रसार झाला. अल्कोहॉल पाण्याशी सहज मिसळते. थोडे पाणी ते सामावून घेते. परंतु मर्यादा ओलांडताच अल्कोहॉल व पाणी यांचा वेगळा थर होऊन तो तळाशी बसतो. १०% मिश्रणात ही मर्यादा आकारमानाने सु. अर्धा टक्का आहे. पंप तळातूनच इंधन घेत असल्याने एंजिनाला प्रथम हाच थर मिळतो. पावसाळ्यात नीट न झाकलेल्या डब्यांत साठविलेले किंवा अर्धवट भरलेल्या टाकीत फार दिवस पडून राहिलेले इंधन या दृष्टीने धोक्याचे असते. जुन्या गाडीची टाकी रिकामी होत आल्यावर भरली, तर तळाचा गंज व गाळ ढवळला जाऊन गाळणी तुंबते, हेही एक कारण आहे.

डीझेल गाड्यांतील दोष : वनभागातील जीप, मालमोटारी व प्रवासी गाड्या यांत डीझेल-एंजिन मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यात ठिणगी अथवा बाष्पसंग्राहक नसतो. टाकी पूर्ण कोरडी होऊन गाडी बंद पडल्यावर डीझेल भरले, तरी नळ्यांत शिरलेली हवा अंतःक्षेपण-पंपास दाब निर्माण करू देत नाही. हातपंपाने डीझेल चढवून ‘हवा काढल्याशिवाय’ असे एंजिन सुरू होत नाही. डीझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले गेल्यास किल्लीसुद्धा फिरवू नये. उच्च दाबाच्या पंपाचे वंगण डीझेलच करीत असल्याने पेट्रोलामुळे पंपाची झीज होते. टाकी रिकामी करून धुणे हाच त्यावर उपाय होय.

निदानाची पद्धती : प्रथम आरंभक एंजिनाला नेहमीच्या वेगाने फिरवितो की नाही हे पाहावे. तो मंद फिरत असेल, तर दोष घटमालेत, तिच्या जोडणीत किंवा आरंभकात आहे. इंधनाचा विचार करण्याचे कारण नाही. एंजिन फिरूनही पेटत नसल्यास पुढील तुलना करावी. एके दिवशी तितकेच अंतर चालवून, इंधन न भरता, गाडी पंपावर लागतो तितकाच वेळ थांबवावी व पुन्हा सुरू करावी. दोष दिसला तर तो उष्णतेचा वा उतरलेल्या दाबाचा समजावा. दोष दिसला नाही, तर दुसऱ्या खेपेस निराळ्या पंपावर, टाकी अर्धीच भरून पाहावे. दोष दरवेळी भरल्याबरोबर येत असेल, तर बाष्पप्रणालीचा संशय बळावतो. एकाच भरण्यानंतर येऊन टिकून राहिला, तर इंधनाचा.

शोधन झडप तपासण्यासाठी, एंजिन थंड व बंद असताना, तिची नळी सोडवून रबरी फुग्याने हवा दाबून पाहावी; हवा आरपार जात असल्यास झडप सदोष आहे. नियंत्रक एककातील दोषसंकेत वाचणाऱ्या उपकरणावर ‘पी ०४९६’ हा संकेत आढळल्यास अवेळी होणाऱ्या शोधनाची पुष्टी मिळते. मात्र संकेत नोंदला गेला नाही म्हणून झडप निर्दोष ठरत नाही. इंधनाच्या परीक्षेसाठी थोडा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काही वेळ स्थिर ठेवावा. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो. पेट्रोल पंपावर ग्राहकास गाळणकागदाची चाचणी करून घेता येते. कागदावरील पेट्रोलाचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिल्यास भेसळीचा संशय घेण्यास जागा असते.

दक्षता : आरंभक एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवू द्यावे. वारंवार फिरविल्याने घटमाला उतरते, न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन नेते व उत्प्रेरकी परिवर्तकात जळून त्याची हानी करते. पेट्रोलाचे बाष्प हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून वास येत असताना आवरणाखाली काडी, विडी किंवा उघडी ठिणगी नेऊ नये. इंधनाची नळी दाब उतरविल्याखेरीज सोडवू नये. नळी आपोआप बंद होताच भरणे थांबवावे. लांबच्या वनमार्गावर निघताना टाकी निघण्याच्या आदल्या दिवशी भरून काही किलोमीटर गाडी चालवावी. म्हणजे दोष असल्यास तो वस्तीत, मदत जवळ असताना उघड होतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेकदा घडले आहेत. अशा भागात ही खबरदारी आवश्यक ठरते.

शोधन झडप हा तुलनेने स्वस्त व सहज बदलता येणारा भाग आहे, तर इंधन-पंप व अंतःक्षेपक खर्चिक आहेत. दोष कधी येतो, किती वेळ टिकतो आणि कशाने निवळतो, या तीन प्रश्नांची उत्तरे चालकाने लिहून ठेवल्यास यंत्रज्ञाचे काम सोपे होते.