दार उघडण्याआधी अंगण पाहा. जुन्नर-आंबेगावात स्मार्ट लॉक, व्हिडिओ डोअरबेल घेताना काय तपासाल?

पहाटे धार काढायला गोठ्यात जायचे, रात्री पाण्याची पाळी आली म्हणून मोटार सुरू करायला निघायचे, कुत्रे एकाएकी भुंकू लागले म्हणून दार उघडून पाहायचे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर ही रोजचीच कामे. शहरातील फ्लॅटमध्ये दारावरचा कॅमेरा ‘बाहेर कोण आले आहे’ एवढे सांगतो. इथे प्रश्न वेगळा आहे. दार उघडले तर अंगणात काय असेल?

म्हणूनच शहरासाठी लिहिलेला खरेदीचा सल्ला या भागात जसाच्या तसा चालत नाही. इथे कॅमेऱ्याचा विचार आधी आणि कुलपाचा नंतर करावा लागतो. कुलूपही असे हवे, की जे बाहेरच्याला अडवेल, पण घरच्या माणसाला अंधारात दारात अडकवून ठेवणार नाही.

इथला प्रश्न वेगळा का?

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांमुळे या पट्ट्यात बारमाही पाणी आले आणि पाण्यामागे ऊस आला. उसाच्या दाट फडात बिबट्याला लपायला जागा मिळते आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे हे सोपे भक्ष्य जवळच असते. अनेक घरे गावठाणाबाहेर, थेट शेतात आहेत. घराचे अंगण आणि उसाचा बांध यांत काही पावलांचेच अंतर असते.

२०२४ मध्ये जुन्नर वन विभागातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील २३३ गावे बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर करण्यात आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचा आणि एका वृद्धेचा मृत्यू झाला. त्यानंतर संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला होता.

दुसरी बाजू घरातल्या माणसांची. मुले नोकरीसाठी पुणे, चाकण, मुंबईला आणि गावच्या घरी आई-वडील किंवा आजी-आजोबा दोघेच, हे चित्र आता नवे नाही. त्यामुळे दारावरचे उपकरण निवडताना ते कोण वापरणार, हे आधी ठरवायला हवे. पुण्यातल्या मुलाच्या फोनवर सूचना गेली, पण घरातल्या आजींना काहीच कळले नाही, तर उपयोग अर्धाच.

वायफाय डोअरबेल की व्हिडिओ डोअर फोन?

बाजारात दोन प्रकार मिळतात. बॅटरीवर चालणारी वायफाय डोअरबेल मोबाइल अॅपवर चित्र दाखवते. बॅटरी वाचावी म्हणून ती एरवी झोपलेल्या अवस्थेत असते. त्यामुळे अॅप उघडल्यावर चित्र यायला काही सेकंद लागतात आणि इंटरनेट मंद असेल तर अधिकच. दुसरा प्रकार वायरने जोडलेल्या व्हिडिओ डोअर फोनचा. त्याचा छोटा पडदा घरातच भिंतीवर असतो. बटण दाबले की लगेच बाहेरचे दिसते आणि साध्या मॉडेलला इंटरनेटची गरज नसते.

घरात वयस्क माणसे असतील आणि नेटवर्कची खात्री नसेल, तर हा दुसरा प्रकार अधिक कामाचा. परगावी असलेल्या मुलांनाही चित्र दिसायला हवे असेल, तर पडदा आणि अॅप दोन्ही असलेले मॉडेल पाहावे.

कॅमेऱ्यात काय तपासाल?

पहिली गोष्ट, उंबरठा दिसतो का? अनेक कॅमेरे आडवे रुंद चित्र देतात. त्यात समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसतो, पण पायरीशी किंवा ओट्याच्या कडेला बसलेले जनावर चौकटीबाहेर राहते. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत दाखवणारे उभे चित्र देणारा कॅमेरा निवडावा. ओटा उंच असेल तर कॅमेरा थोडा खाली झुकवून बसवावा.

दुसरी गोष्ट, रात्रीचे चित्र. अंधारात हे कॅमेरे अवरक्त दिव्यांवर चालतात. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चुना दिलेली भिंत किंवा खांब असेल, तर प्रकाश त्यावरून परततो आणि चित्र पांढरे पडते. जाळी आणि किडे यांमुळेही खोट्या सूचना येतात, त्यामुळे काच अधूनमधून पुसावी लागते.

तिसरी गोष्ट, हालचाल टिपणारा सेन्सर. तो हलत्या शरीराची उष्णता ओळखतो. समोरून आडवे जाणारे जनावर त्याला लवकर कळते, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारे उशिरा. त्याचा पल्लाही काही मीटरचाच असतो. शक्य असेल तर अंगणातली वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल अशी जागा निवडावी.

पावसाळ्यात ओसरीपर्यंत सडा येत असेल, तर पाणी आणि धुळीपासून संरक्षणाचे ‘आयपी ६५’ किंवा त्यावरचे मानांकन आहे का, हेही पाहावे.

लाइट गेली तर?

वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद झाला की वायफाय डोअरबेल मुकी. त्यामुळे राउटर आणि फायबरच्या डबीसाठी छोटा यूपीएस घ्यावा किंवा दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावेत. रेकॉर्डिंग फक्त कंपनीच्या क्लाउडवर जात असेल तर इंटरनेट नसताना काहीच साठत नाही, शिवाय महिन्याचे शुल्क पडू शकते. मेमरी कार्डवर साठवणारा कॅमेरा इथे बरा.

बहुतेक डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झ वायफायवरच चालतात. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींतून सिग्नल कमी होतो. कॅमेरा बसवायच्या जागी उभे राहून, दार बंद करून फोनवर व्हिडिओ चालवून पाहिला, तर खरेदीआधीच अंदाज येतो.

कुलूप घेताना

आधी दार पाहा. फ्लॅटच्या एकपाखी दारासाठी बनवलेले स्मार्ट लॉक जुन्या घराच्या दोन फळ्यांच्या दाराला सहसा बसत नाही. दाराच्या आत खाचा पाडून बसवायचे कुलूप असेल, तर फळीची जाडी आधी मोजावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीला घासते आणि मोटारीवर चालणारा बोल्ट अर्ध्यातच अडकतो. आधी सुताराकडून दार नीट करून घ्यावे. आतला अडसर किंवा कडी मात्र काढू नये. घरात माणसे असताना तोच सर्वांत भक्कम आधार आहे.

सर्वांत महत्त्वाचे ते ‘ऑटो-लॉक’. दार मागे ओढले की काही सेकंदांत आपोआप कुलूप लागते. शहरात ही सोय वाटते. वस्तीवर मात्र रात्री गोठ्यापर्यंत गेलेला माणूस धावत परतला आणि फोन आत राहिला असेल, तर बंद दारासमोर आकडे दाबत उभे राहणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून ही सोय बंद करता येते का, हे विकत घेण्याआधी विचारावे आणि रात्री ती बंदच ठेवावी. आतून दार उघडायला वीज, फोन किंवा आकडे लागता कामा नयेत. नुसते हँडल फिरवून ते उघडायला हवे.

बोटांच्या ठशांवरही सगळा भरवसा ठेवू नये. मातीकामाने आणि वयाने बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही, हा अनुभव अनेकांना आहे. तेच दारावरही होऊ शकते. ठसा, आकडे, कार्ड आणि साधी किल्ली असे सगळे पर्याय असलेले कुलूप घ्यावे. बॅटरी संपल्यास बाहेरून पॉवर बँक लावून उघडता येते का, हेही पाहावे. साधी किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवावी.

पासवर्ड आणि व्हिडिओ

दारावरचा कॅमेरा घरात येणारी-जाणारी प्रत्येक व्यक्ती टिपतो. ‘रिंग’ या अमेरिकी डोअरबेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहिल्याच्या आरोपावरून तेथील व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०२३ मध्ये कंपनीला ५८ लाख डॉलर भरावे लागले. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे सक्तीचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. त्यामुळे बिल नसलेला, बिननावाचा स्वस्त कॅमेरा टाळावा. डब्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नको.

कॅमेऱ्यात बिबट्या दिसला तर व्हिडिओ आधी गावच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा वनरक्षकाला कळवावे. तारीख आणि ठिकाण नसलेले जुने व्हिडिओ फिरले की घबराट वाढते आणि पथक चुकीच्या जागी धावते.

दुकानदाराला विचारायचे पाच प्रश्न

१. नारायणगाव, मंचर, घोडेगाव किंवा ओतूरला बिघाड झाला तर कंपनीचा माणूस आमच्या पिनकोडवर येतो का?

२. इंटरनेट नसताना कोणकोणत्या गोष्टी चालू राहतील?

३. ऑटो-लॉक पूर्ण बंद करता येते का?

४. रेकॉर्डिंगसाठी दरमहा किंवा दरवर्षी किती पैसे भरावे लागतील?

५. आमच्या दाराचा फोटो आणि जाडी पाहून हेच कुलूप बसेल, असे बिलावर लिहून द्याल का?

उपकरणाची मर्यादा

डोअरबेल बिबट्याला अडवत नाही आणि तिच्या पडद्यावर काही दिसले नाही म्हणजे अंगण मोकळे आहे, असेही नाही. कॅमेऱ्याला घराची मागची बाजू, गोठ्याचा कोपरा दिसत नाही. त्यामुळे अंगणात आणि गोठ्याजवळ चांगला दिवा, रात्री बंदिस्त गोठा, अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर न सोडणे, बाहेर पडताना हातात बॅटरी आणि सोबत कोणीतरी, या गोष्टींना पर्याय नाही.

बजेट मर्यादित असेल तर क्रम सोपा आहे. पहिला खर्च अंगणातल्या दिव्यावर, दुसरा घरात पडदा असलेल्या कॅमेऱ्यावर आणि तिसरा स्मार्ट लॉकवर. तोवर आतली कडी पुरेशी आहे.