व्हेरुबेसेस्टॅट : एका थांबविलेल्या औषधाचा परिचय

जर्मनीतील ट्युबिंगेन येथे १९०६ साली अ‍ॅलॉइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील ज्या पुंजक्यांचे वर्णन केले, ते अ‍ॅमिलॉइड प्रथिनाच्या तुकड्यांचे असतात हे उमगण्यास जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. आणि ते तुकडे पाडणारी कात्री, म्हणजे बीटा-सिक्रिटेज हे विकर, हाती लागावयास १९९९ साल उजाडले. ही कात्रीच निकामी करावी, म्हणजे पुंजके साचणार नाहीत, अशी जी तजवीज मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी केली, तिचे नाव व्हेरुबेसेस्टॅट.

काम बिकट होते. या विकराची खोबण प्रशस्त; ती भरून काढील एवढा मोठा रेणू घडवावा, तर तो मेंदूत शिरण्यापूर्वी रक्तवाहिन्यांच्या भिंतींशीच अडतो. व्हेरुबेसेस्टॅटचा रेणू मात्र लहान होता, गोळीवाटे पोटात घेता येत होता, आणि त्याने नेमून दिलेली कामगिरी इमानेइतबारे बजावली : रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवातील अ‍ॅमिलॉइड ६० टक्क्यांहून अधिक उतरले.

परंतु स्मृती सावरली नाही. प्रत्येक रुग्णाच्या निकटचे कोणी माणूस त्याच्या स्नान-भोजनादी नित्य व्यवहारांची जबानी देत असे, आणि त्या जबान्यांतही औषधाचा गुण कोठे दिसेना. सौम्य व मध्यम अल्झायमर विकाराच्या १,९५८ रुग्णांवरील ही चाचणी फेब्रुवारी २०१७ मध्ये थांबविण्यात आली. उपचारास उशीर झाला असावा, हा तर्क उरला होता. पण ज्यांची स्मृती नुकतीच ढळू लागली होती अशा १,४५४ जणांवरील दुसरी चाचणीही वर्षभराने थांबविण्यात आली, आणि तीत तर औषध घेणारे काही कसोट्यांवर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्याही मागे पडले. कित्येकांची झोप बिघडली, वजन घटले. काहींच्या केसांचा रंग पालटला, कारण रंगद्रव्याच्या घडणीत राबणारे याच विकराचे भावंडही औषधाने जखडले गेले, असे मानतात.

हे प्रतिकूल निष्कर्ष २०१८ आणि २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मला एखाद्या औषधाच्या यशाइतकीच आदरणीय वाटते. रुग्णांनी आणि त्यांच्या आप्तांनी दिलेला काळ त्यामुळे वाया गेला नाही. त्या निष्कर्षांतून पुढचा प्रश्नही निघाला. आइसलँडमधील काही लोकांत उपजतच असा एक जनुकीय फेरफार आढळतो, की त्यामुळे अ‍ॅमिलॉइडचे तुकडे सुमारे ४० टक्क्यांनी कमी पडतात आणि वार्धक्यात त्यांची बुद्धी सहसा शाबूत राहते. औषधाने केलेली घट याहून पुष्कळच मोठी होती. तेव्हा मात्रा उतरवून, आणि विकार जडण्याच्या कितीतरी आधी, कात्री नुसती मंद केली तर काय होईल, याची विचारणा आता संशोधकांत चालू आहे.