रोजच्या अंगठीचं सोनं

बावीस कॅरेटच्या खालचं ते हलकं सोनं, ही समजूत मराठी घरांत खोल रुजली आहे. पाटल्या-मोहनमाळेपुरती ती खपून जाते. हे दागिने सणासुदीला निघतात आणि पुन्हा डब्यात जातात. लग्नातली अंगठी मात्र एकदा बोटात गेली की सहसा निघत नाही. स्कूटरची मूठ, बसचा दांडा, घासायची भांडी, सगळ्यांशी तिची गाठ रोज पडते. वसई-गोव्यातल्या ख्रिस्ती जोडप्यांनी चर्चमध्ये घातलेली असो की साखरपुड्याची असो, तिच्या सोन्याचा विचार बांगडीच्या सोन्यापेक्षा वेगळाच करायला हवा.

चोख सोनं फार मऊ. कठीणपणा मोजण्याच्या विकर्स मापावर ते साधारण २५ भरतं. बावीस कॅरेटचं त्याच्या दुपटीच्या आसपास जातं, तर अठरा कॅरेटचं पिवळं सोनं सहज १०० ओलांडतं. ही करामत मुख्यतः तांब्याची. चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सोन्याएवढाच असल्यामुळे ती मिसळून रंग उजळतो, पण बळ फारसं येत नाही. तांब्याचा अणू लहान. तो सोन्याच्या रचनेत शिरला की आजूबाजूचे थर वेडेवाकडे ताणले जातात आणि एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. अंगठी पटकन वाकत नाही, तिच्यावर ओरखडा खोल जात नाही, ती याच अडथळ्यामुळे. तांबं जास्त असलेलं लालसर अठरा कॅरेट तर सोनाराचा हात पारखणारं आहे. तापवून हळूहळू निवू दिलं की त्यात सोन्या-तांब्याचे अणू ओळीने बसतात आणि धातू कडक, ठिसूळ होतो. म्हणून घडवताना ते गरम असतानाच पाण्यात बुडवून मऊ ठेवावं लागतं.

कमी कॅरेटबद्दलच्या आपल्या रागाला इतिहासही आहे. चीनशी युद्ध झाल्यानंतर जानेवारी १९६३मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून चोख नवा दागिना घडवायला बंदी झाली. सोनारांच्या पेढ्या ओस पडल्या, असंख्य कारागिरांची रोजीरोटी गेली. १९६६मध्ये ती अट उठली. तो अन्याय खराच होता. पण त्याचा डाग चौदा कॅरेटच्या धातूवरही बसला, आणि तो धातू बिचारा अंगठीसाठी चांगला मजबूत आहे.

तरी माझी पसंती अठराला. चौदात सोनं जेमतेम ५८.५ टक्के, बाकीच्या तांब्या-चांदीमुळे ते घामाने लवकर काळवंडतं आणि ब्लीच किंवा पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन त्याला अधिक बाधतं. किमतीचा हिशेबही करून पाहा. पाच ग्रॅमच्या बावीस कॅरेट अंगठीत ४.५८ ग्रॅम चोख सोनं असतं, अठरात ३.७५. फरक एक ग्रॅमही नाही, आणि दर शुद्धतेप्रमाणेच लागत असल्याने तेवढे पैसे आधीच वाचलेले असतात. हिरा किंवा खडा बसवायचा असेल, तर बावीसचा आग्रह सोडाच. मऊ पकडीतून खडा निसटतो. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो झिजतो आणि पुन्हा चढवावा लागतो. निकेलची ॲलर्जी असेल, तर त्यात निकेल नाही ना, हे विचारून घ्या.

घरच्या जुन्या सोन्याची, म्हणून बावीसचीच हवी, असंही कुणाला वाटेल. त्या भावनेला माझा विरोध नाही. मग वेढणं भरीव आणि जाड करून घ्या, पोकळ नको. तळहाताकडची बाजू आधी झिजते, तिथे तर पत्रा मुळीच बारीक नको. डाग दिलेला सांधा दर वर्षी सोनाराला दाखवा. अंगठी तुटली तर बहुधा तिथेच तुटते.

घेताना आतली खूण भिंगातून वाचा: बावीसला ९१६, अठराला ७५०, चौदाला ५८५. शेजारी भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक दुकानातच तपासा, आणि बिलावर कॅरेट, वजन व घडणावळ वेगवेगळी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.